एक्केचाळीस नंबरचा जबडा

ता. ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढते. वहिनीला नमस्कार सांग. संग्रहालयात माझं नेहमीचंच चाललंय. परवा एका सुसरीचं डोकं किड्यांच्या पेटीतून काढलं, मांस अगदी लख्ख खाल्लं होतं त्यांनी.

तुझा लेख आला. पाकीट आईनेच फोडलं. डोंगराच्या दक्षिणेकडची मगर ही वेगळी जात आणि तिला बाबांचं नाव! बाबांनी जन्मभर प्राणिसंग्रहालयातल्या मगरींना खायला घातलं. आई किती तरी वेळ त्या पानावरून हात फिरवत होती. आता ते पान भिंतीवर लागलंय. जेवायला बसले की समोर तेच.

शेवटी बारीक अक्षरांत आभार आहेत: कवट्या स्वच्छ करणाऱ्या कर्मचारीवर्गाचे. हा वर्ग म्हणजे मी एकटी, दादा.

नऊ वर्षांपूर्वी मी तुला फोन केला होता. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या कवट्या एकाच नावाखाली एकाच खणात ठेवल्यात, पण त्यांची टाळूची हाडं निराळी दिसतात, असं म्हणाले होते. तू म्हणालास, वयाचा फरक असेल, पिल्लाचं आणि म्हाताऱ्या मगरीचं थोबाड सारखं नसतं. मग मी पिल्लं पिल्लांशेजारी लावली, म्हाताऱ्या म्हाताऱ्यांशेजारी. त्रेसष्ट कवट्या, प्रत्येकीची एकवीस मापं. फरक तसाच राहिला. तेही तुला कळवलं. उत्तर आलं नाही.

पुढे तुझ्या विद्यार्थिनीने दोन्हीकडच्या मगरींचं रक्त तपासलं. मधला डोंगर वर आला तेव्हापासून या दोघींची ताटातूट झाली आणि तिकडच्या-इकडच्या कधी एक झाल्याच नाहीत, असं निघालं. रक्ताने सांगितल्यावर तुला पटलं. तिला घेऊन एका दिवसासाठी आलास आणि माझी मापांची वही घेऊन गेलास, ती महिन्याभराने परत पाठवलीस. छापलंस काय, तर 'आम्ही मोजमापं घेतली'. तुम्ही कधी घेतलीत? चार कवट्यांना कॅलिपर लावलास आणि दुपारी माझ्याच टेबलावर डोकं टेकून घोरत होतास.

वर एका जागी वहीच खोटी पाडलीस. म्हणे, खालच्या जबड्यात फरक नाही, जुन्या नोंदी चुकीच्या आहेत. ते वाचून माझं डोकं फिरलं.

नोंदी चुकीच्या नाहीत. जबडा चुकीचा आहे.

दक्षिणेकडच्या कवट्यांत खालच्या जबड्यासकट एकच आहे, एक्केचाळीस नंबरची. म्हणून ज्याच्यावर जातीचं नाव उभं राहतं तो मूळ नमुना तू तीच ठरवलीस. पण तो जबडा तिचा नाही. अकरा वर्षांपूर्वी मी दोन डोकी एकाच टाकीत भिजत घातली, नंबरांच्या चिठ्ठ्या सुटल्या आणि मी अंदाजाने बांधल्या. मोजायला घेतलं तेव्हा सांधा बसेना. तिचा खरा जबडा सत्तावीस नंबरला, उत्तरेच्या कवटीला बांधलेला निघाला. वहीत मापं खऱ्या जोडीप्रमाणे बरोबर लिहिली, पण जबडे तसेच बांधलेले ठेवले आणि घोळ कुणाला सांगितला नाही. संग्रहालयप्रमुखांची भीती वाटली.

त्या दिवशी तू एक्केचाळीस उचललीस तेव्हा मी सांगणारच होते. तेवढ्यात तू विद्यार्थिनीला म्हणालास, "हिला हाडं कळतात. हाडांची नाती कळायला अभ्यास लागतो." ती हसली नाही. तू हसलास.

मी तोंड मिटलं. तू फोटो काढलेस, मी दिवा धरला. आता छापशील आणि तोंडावर आपटशील, असं तेव्हा मनात आलं होतं. बरं वाटलं होतं. त्या लेखाला बाबांचं नाव लागेल हे मला माहीत नव्हतं, पण ही काही सबब नाही.

आज सकाळी संपादकांना पत्र टाकलं. चिठ्ठ्यांचा घोळ, माझं गप्प बसणं, सगळं लिहिलं. वही माझी आहे हेही लिहिलं, तारखांसकट पानांच्या प्रती जोडल्या. बाबांचं नाव टिकेल, कारण वरची कवटी दक्षिणेचीच आहे. जबड्याचं तुझं वर्णन टिकणार नाही. प्रमुखांना समोर उभं राहून सांगितलं. चौकशी होईपर्यंत खणांच्या किल्ल्या त्यांनी काढून घेतल्यात.

आईलाही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "वही तुझी, तर तिथे तुझं नाव का नाही?"

मी म्हटलं, दादाला विचार.

रविवारी ती तुला फोन करणार आहे. मी तिला अडवलेलं नाही.

जबड्याबद्दल मी तुझी माफी मागते. बाकीची माफी मागायचं तुझ्याकडे आहे.

तुझी धाकटी