रिंग कुठे बांधायची

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाशी भांडू नये असं आई म्हणते. मी भांडणार आहे. बदलापूरला शिरगावात, माझ्या स्वतःच्या घरात बसून लिहितेय, त्यामुळे मध्येच "आपण नंतर बोलू" म्हणायला कोणी नाही.

तुमच्या अंबरनाथ पूर्वेच्या घरातला तो रविवार अजून लख्ख दिसतो. श्रवणयंत्राच्या चिपचा नकाशा मोठमोठ्या कागदांवर छापून, चिकटपट्टीने जोडून आणलेला. अंधेरीच्या ऑफिसात तेवढी मोकळी जमीन नाही, म्हणून तो तुमच्या स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत पसरलाय. आपण दोघं गुडघ्यांवर, हातात रंगीत पेन्सिली, एकेक तार रंगवत तपासतोय. काकू साडी सावरून कागदाच्या कडेकडेने कुकर लावायला जातायत. चिपच्या एका भागात बारीक आवाज वाढवणारं नाजूक सर्किट, दुसऱ्यात सतत चालू-बंद होत अखंड टकटक करणारं. दोन्ही सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर, म्हणजे टकटक खालून पसरणारच. हे मला पुस्तकाआधी घरी कळलं होतं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आमच्या खोलीखाली जीन्स शिवायचा कारखाना होता. मशिनं सुरू झाली की आमच्या फळीवरचे पेले किणकिणायचे.

म्हणून नाजूक भागाभोवती धातूची गार्ड रिंग काढायची, खालून येणारा आवाज तिने गोळा करायचा आणि ग्राउंडला, म्हणजे करंट परत जायच्या तारेला, नेऊन सोडायचा. हे तुम्हीच शिकवलंत. "नुसती रिंग काढून भागत नाही, ती बांधावी लागते," हे तुमचंच वाक्य. आणि तुम्हीच ती बांधलीत शेजारच्या ग्राउंडला, ज्यातून त्या टकटकवाल्या भागाचा सगळा करंट परत जात होता! मी म्हटलं, "सर, हिला वेगळी तार द्या ना, थेट चिपबाहेर जाणाऱ्या स्वतःच्या पिनेपर्यंत. नाहीतर हीच रिंग तिकडचा आवाज आत आणेल."

"पिना संपल्यात."

"नुसत्या टेस्टसाठी ठेवलेली एक काढा की."

"ग्राउंड म्हणजे ग्राउंड गं. तू रंगव."

मी पेन्सिल खाली ठेवली. तपासणाऱ्याने कागदाच्या कोपऱ्यात सही करायची ही आपली पद्धत. मी केली नाही. तुम्ही हसलात, "रुसतेस काय लहान पोरीसारखी?" आणि माझ्या जागीही स्वतःच सही ठोकलीत. काकू जेवून जा म्हणत होत्या, मी चपला घालून निघाले. शेअर रिक्षात बसल्यावर रडू आलं, ते रागाचं होतं.

चिप बनून आली आणि ती घातलेलं यंत्र शांत खोलीत कानाला लावलं की बारीक शिट्टी ऐकू यायची. ज्यांनी चिप करायला दिली होती ती माणसं ऑफिसात आली, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "लेआउटचा नकाशा बघणारी मुलगी नवीन आहे, तिच्याकडून राहिलं." मी तिथेच बसले होते. "सर, मी तर नको म्हणत होते," एवढं म्हणाले, तर तुम्ही, "आपण नंतर बोलू." पुढच्या खेपेला टेस्टची पिन काढली गेली, रिंगला स्वतःची तार मिळाली, शिट्टी गेली. ऑफिसभर तुमचं कौतुक. मी कॅन्टीनमध्ये तुम्हाला गाठलं. म्हटलं, हे माझं होतं, एकदा सगळ्यांसमोर सांगा. मला दुसरं काही नको होतं.

तुम्ही म्हणालात, "अगं, आपल्या कामाला नाव नसतं."

"चुकीला होतं की, माझं."

तुम्ही चहा ढवळत राहिलात. मी नोकरी सोडेन असं तुम्हाला वाटलं असणार. घरचेही म्हणत होते, कशाला डोक्याला ताप. नाही सोडली. तुमच्यासमोरच्या टेबलावर बसून रोज काम केलं. आज माझ्या हाताखाली माणसं आहेत, आणि ज्याला माझं पटत नाही त्याने सहीशेजारी तसं नावानिशी लिहायचं, हा माझा नियम आहे. तो तुमच्यामुळे केलाय, पण त्याबद्दल आभार मानणार नाही.

कॅन्टीनमधल्या त्या बोलण्यानंतर दोनेक वर्षांत तुम्ही अचानक गेलात. शोकसभेत एकाने त्या रिंगचीच गोष्ट सांगितली, सरांना कसं सुचलं म्हणून. मी उठले आणि म्हणाले, "ते मी सांगितलं होतं. सरांनी आधी ऐकलं नव्हतं." कुणीतरी माझा हात ओढून मला खाली बसवलं. मला लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही. सभा संपल्यावर काकू जवळ आल्या. वाटलं, आता या चांगलंच सुनावणार. त्या हळूच म्हणाल्या, "घरी म्हणायचे गं हे. पोरीचं बरोबर होतं, म्हणायचे."

घरी! घरी म्हणून मला काय उपयोग, सर? काकूंना तुमची रिंग माहीत नाही, पिन माहीत नाही. जिथे म्हणायचं तिथे तुमची जीभ उचलली नाही, ते मी माफ केलेलं नाही आणि हे पत्र पाठवायला पत्ता असता तरी शेवटी माफी लिहिली नसती. फक्त एवढंच, की त्या दिवशी मला नीट ऐकू आलं होतं, तरी काकूंना म्हटलं, "काय म्हणायचे?" आणि ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.