जावयाला दिलेलं घड्याळ

नाना, ह्यांनी नवीन घड्याळ घेतलंय. तुम्ही असतात तर किंमत नंतर विचारली असतीत, आधी वय विचारलं असतंत. गिऱ्हाईक काचेच्या कपाटासमोर उभं राहिलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुणासाठी, आणि वय काय?" तर वय अठ्ठावन्न, येत्या श्रावणात एकोणसाठ. आणि घड्याळ असं की पाणबुड्यानं बांधावं. निळी तबकडी, भोवती करकर फिरणारी दातेरी कडी, पोलादी पट्टा, अंधारात हिरवे चमकणारे काटे. उचलून बघितलं तर देवघरातल्या पितळी बाळकृष्णापेक्षा जड. समुद्रात कितीही खोल नेलं तरी बंद पडत नाही म्हणे. हॉलंडात आम्ही राहतो त्या आइंडहोवनला समुद्र नाही, आणि ह्यांना पोहता येत नाही. किंमत इथे लिहीत नाही. माझ्या वहीत ती कुठल्या सदरात टाकावी ते ठरेना, म्हणून ती ओळ अजून कोरी आहे.

मी विचारलं, "आपलं नानांनी दिलेलं कुठंय?" तर म्हणाले, "बिघडलंय. चालत नाही." एवढंच बोलून पेपर वाचायला लागले. नवीन घड्याळाचं कौतुक मात्र लगेच सुरू झालं. "ह्याला चावी द्यावी लागत नाही. हात हलला की पुरे, आपोआप चालतं." मी घड्याळवाल्याची मुलगी, मला ऑटोमॅटिक घड्याळ समजावून सांगत होते. ते कामावर गेल्यावर कपाटातली मखमली डबी काढली. तुम्ही दिलेलं घड्याळ आत होतं, पातळसं, पांढऱ्या तबकडीचं. चावी दिली. पंधरा-वीस वेळा फिरवली, शेवटी घट्ट लागेपर्यंत, तुम्ही शिकवलं होतं तशी. कानाला लावलं. चालत होतं. दुपारपर्यंत ओट्यावर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं, मिनिटाचाही फरक नाही. म्हणजे एकतीस वर्षांत पहिल्यांदा हे माझ्याशी उघड खोटं बोलले, आणि तेही एका घड्याळापायी. तेव्हापासून माझं मन सरळ चालेना.

मग एकेक आठवायला लागलं. दिवाळीनंतर ह्यांनी बटणांचे सदरे घालणं सोडलं. आता चेन ओढली की झालं असले जाकीट नाहीतर गोल गळ्याचे बनियनवजा सदरे, ऑफिसातली पोरं घालतात तसले. वीस वर्षं पावसावाऱ्यात सायकलीनं कामावर गेले, आता बसनं जातात. सायकल मागच्या शेडमध्ये गंजतेय. बसमध्ये कोण भेटतं ते मला काय ठाऊक. चालताना उजवा हात खिशात. चहाला कपबशी नको, मोठा मग हवा, तोही अर्धाच भरलेला. आणि सगळ्यांवर ताण म्हणजे हे घड्याळ उजव्या मनगटावर. मी म्हटलं, "हे काय नवीन?" तर म्हणाले, "आजकाल असंच घालतात." कोण घालतं, नाना? उजवा हात कामाचा, त्याला घड्याळ बांधू नये, हे तुम्ही गिऱ्हाइकाला बजावून सांगायचात.

हळदीकुंकवाला गेले होते तर तिथेही हाच विषय. आमच्याच वसाहतीतली एक, नवरा ह्यांच्याच कारखान्यात, वाण देता देता म्हणाली, "वहिनी, भाऊजी एकदम तरुण झाले हो. घड्याळ बघितलं आमच्या ह्यांनी. लक्ष ठेवा बरं." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येताना वाण म्हणून मिळालेलं प्लॅस्टिकचं डबडं छातीशी धरून चालत होते आणि डोक्यात एकच, की कुणी दिलं असेल? एवढी मोठी वस्तू माणूस स्वतःसाठी विकत घेतो, की त्याला कुणी देतं?

लेकीला फोन केला. ती हूफडॉर्पला असते, ऑफिसजवळ, शनिवार-रविवारी कधी मनात आलं तर येते. मराठी सगळं कळतं तिला, बोलताना मात्र तिची पायवाट वेगळी. म्हणाली, "आई, वय आणि वॉच, काय रिलेशन आहे? बाबांना आवडलं, फिनिश." मी म्हटलं, "तुला माहीत होतं?" जरा थांबली. "मीच गेले होते ना बाबांबरोबर शॉपमध्ये." मी म्हटलं, "मग मला का नेलं नाही?" तर म्हणे, "तू प्राइस बघून बाहेर आली असतीस." खरं होतं, पण ती थांबली होती ते मी ऐकलं होतं. आईशी बोलताना मूल इतकं थांबत नाही. आता बापलेक दोघं एका बाजूला आणि मी दुसऱ्या.

त्या दिवसांत तुमचं एक वाक्य मला फार आधाराचं वाटायचं. पोराला आकडे मोठे, जवानाला सेकंदकाटा मोठा, म्हाताऱ्याला पुन्हा आकडे मोठे. घड्याळानं वय सांगावं, लपवू नये, असंही तुम्ही म्हणायचात. ह्यांच्यासमोर मी ते दोनदा म्हणून दाखवलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुझे नाना मोठे, पण त्यांचं दुकान चार बाय सहाचं होतं." मला इतकं लागलं की त्या दिवशी मी आमटीला फोडणी दिली नाही, तशीच वाढली. त्यांनी तशीच खाल्ली.

देवाचंही तेच. पूर्वी आंघोळ करून सहाणेवर गंध उगाळायचे, देवांना एकेक करून लावायचे, बाळकृष्णाला सगळ्यात शेवटी. आता म्हणतात, "तूच लाव, तुझं छान बसतं." तीर्थ द्यायला गेले तर, "डोळ्यांना लाव नुसतं, घाई आहे." घड्याळ उजव्या हातात आलं आणि देव हातातून गेला, असं मला वाटायला लागलं. ते मात्र सोसेना. घड्याळाचं एक वेळ सोसलं असतं.

मागच्या गुरुवारी ह्यांना सुट्टी होती. मी पूजा केली, तुळशीपत्र घातलं, आणि तांब्याची पळी भरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "तीर्थ हातावर घ्या, आणि घेऊन सांगा. हे घड्याळ कुणी दिलं?" असं कुणाला अडवू नये, मला कळतं. तीर्थ हे शपथेचं हत्यार नाही. पण मी अडवलं. हे बघत राहिले. मग उजवा हात खिशातून काढला आणि पुढे धरला, तळवा वाटीसारखा करून. ते जड घड्याळ मनगटावरून घसरून तळव्याच्या मुळाशी आलं. मी पळी ओतली. पाणी तळव्यात राहिलंच नाही. थरथरत थरथरत बोटांच्या फटीतून फरशीवर. मला वाटलं माझीच पळी हलली. दुसरी ओतली, तीही तशीच सांडली. तुळशीचं पान तेवढं तळव्यावर चिकटून हलत होतं.

"घड्याळ मीच घेतलंय," हे म्हणाले. "हाताचं तेवढं तुला सांगितलं नव्हतं."

मी खाली बसले, फडक्यानं तीर्थ टिपायला लागले. वर बघवेना. विचारलं, "कधीपासून?" "दिवाळीच्या आधीपासून. आपल्या नेहमीच्या हाउसआर्टनं मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. कंपवाताची सुरुवात आहे म्हणतात. गोळ्या चालू आहेत." "पोरीला माहीत होतं." "तिथल्या चिठ्ठ्या डचमध्ये येतात, मला धड वाचता येत नाहीत. तिनं वाचल्या." "आणि मी?" मग जरा हसले, "तू घड्याळवाल्याची मुलगी. तू लगेच मला उघडून बसली असतीस." मी रडत होते आणि त्यातही मला राग आला, कारण तेही खरं होतं. आणि मग ज्यासाठी इतके दिवस जळत होते ते विचारलं, की हात असा असताना एवढं भारी, असं भडक घड्याळ कशाला, आणि तेही त्याच हातात? हे ओट्याला टेकून उभे होते. म्हणाले, "हलणाऱ्या हाताकडे लोक बघतात गं. मीटिंगमध्ये, बसमध्ये. असलं घड्याळ असलं की घड्याळाकडे बघतात. म्हणतात, म्हाताऱ्याला शौक चढलाय. म्हणू देत. आणि चावी, ती आता मला देता येत नाही. चावीची ती बारकी मूठ बोटांत धरवत नाही. पंधरा दिवस प्रयत्न केला मी, तू देवपूजेला बसलीस की. शेवटी ठेवून दिलं. बिघडलं म्हणालो, पण घड्याळ बिघडलं असं म्हणालो नव्हतो."

हात हलला की पुरे. महिनाभर हे वाक्य मी घरात ऐकत होते, नाना.

तेव्हा मला ते मास्तर आठवले. मी सहावीत असेन, सुट्टीत दुकानात तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. निवृत्त झालेले मास्तर आले, मुलानं गेल्या वर्षी परदेशातून पाठवलेलं घड्याळ घेऊन, एका तबकडीत तीन तबकड्या, चार बटणं. मला हसू फुटलं. मी मोठ्यानं म्हटलं, "आजोबांनी नातवाचं घड्याळ आणलं." तुम्ही डोळ्याचं भिंग काढलं नाहीत. अरी तापवून पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत, स्वतः मास्तरांच्या हातात बांधलंत, आणि म्हणालात, "शोभतंय, मास्तर." ते गेल्यावर माझ्याकडे वळलात. "घड्याळ बघून हसलीस. मनगट बघितलंस का? मागच्या वर्षी ह्याच पट्ट्याचं तिसरं भोक लागत होतं त्यांना. आधी मनगट बघायचं, घड्याळ मागाहून." दोन दिवस तुम्ही मला दुकानात येऊ दिलं नाहीत. तुमचं आकड्यांचं वाक्य मी एवढी वर्षं तोंडपाठ ठेवलं, आणि हे मात्र सोयीनं विसरले. सदरे बघितले, चहाचा मग बघितला, बस बघितली, सगळं बघितलं. मनगट सोडून.

आता बटणाचे सदरे मी परत काढलेत. सकाळी बटणं मी लावते. हे आधी नको म्हणत होते, आता मान वर करून उभे राहतात, शाळेतल्या पोरासारखे. गंध उगाळून मी देते, बाळकृष्णाला बोट हेच लावतात, वाकडं लागलं तर लागलं. ते पाणबुड्याचं घड्याळ उजव्या हातातच असतं. बाहेर कुणी बघत राहिलं तर मीच म्हणते, "हो, शौक आहे त्यांना." त्या हळदीकुंकूवालीलाही तसंच सांगितलं. तिनं ते गावभर केलं असणार, करू दे.

आणि तुमचं घड्याळ. त्याला रोज सकाळी मी चावी देते. पण एक तुम्हाला सांगायचं राहिलंय, म्हणून हे सगळं लिहायला बसले. ह्यांनी ते बिघडलं म्हटलं होतं ना, तेव्हा संशयापोटी मी बोथट सुरीनं त्याचं मागचं झाकण उघडलं होतं. आत तुमच्या धंद्यातल्या खुणा आहेत. दुरुस्त करणारा प्रत्येक जण सुईनं बारीक ओरखडून ठेवतो त्या. तुमची खूण मी ओळखते. तिच्या वर तीन आहेत, परक्या हातांच्या, तुमच्याआधीच्या. लग्नात सासूबाईंनी चारचौघांत विचारलं होतं, "नवंच आहे ना हो व्याही? नाही, जुनं घासूनपुसून दिलं म्हणायला नको कुणी." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि मी, डोक्यावर अक्षता तशाच, म्हणाले होते, "नवंच आहे, देवाशपथ." आदल्या महिनाभर तुम्ही ते तीन मेलेल्या घड्याळांतून जुळवताना मीच शेजारी दिवा धरून बसले होते. तुम्ही पुढे त्यावर कधी एक शब्द बोलला नाहीत. लेक पाळण्यात असताना तुम्ही गेलात, तोवर मी वाट बघितली.

तुमच्या खुणेच्या खाली इथल्या दोन आहेत. हे दर काही वर्षांनी गावातल्या म्हाताऱ्या डच घड्याळवाल्याकडून ते साफ करून आणायचे. तो झाकण उघडून, एकेक खूण मोजून दाखवल्याशिवाय पैसे घेत नाही. म्हणजे ह्यांना माहीत आहे. निदान पंधरा वर्षं माहीत आहे, की घड्याळ जुनं आहे आणि बायको देवाची शपथ खोटी घेते. आणि त्याच बायकोनं ह्यांना तीर्थावर अडवलं, तेव्हा हे हात पुढे करून उभे राहिले.

माहीत आहेच, असं मला वाटतं. विचारायचा धीर होत नाही. हा कागद घडी करून मी घड्याळाखाली डबीत ठेवणार आहे. डबीचं झाकण आता ह्यांच्या बोटांना उघडत नाही, असं हे म्हणतात. म्हणून मी घडीत माझा एक केस ठेवलाय, कुणी कागद उघडला तर तो पडलेला कळेल. नाना, मी अजून संशय घेतेच.