उसना माणूस

प्रिय धाकल्या,

तुझा फोन बंद आहे, म्हणून हे पत्र तुझ्या बायकोच्या हाती देते आहे. ती काही विचारणार नाही. विचारलंच, तर तिलाही वाचायला दे.

इमारत चालू आहे. लिफ्ट वर-खाली होतात, लॉबी पुसली जाते, परवा झुरळांचं औषध मारून गेले. तळघरातल्या टाकीचं झाकण सील केलंय, त्यामुळे टँकरचं पाणी घेतो. पाचव्या मजल्यावरून तक्रार आली, पाण्याला वास येतो. मी नेहमीसारखं मॅनेजरच्या आवाजात म्हणाले, कळवते. कुणाला कळवू? टाक्यांची सफाई आणि नळांचं काम तुझ्या कंपनीकडे होतं आणि तुझी कंपनी फोन उचलत नाही.

बाहेरून काचा पुसणाऱ्या मामांचे दोर अजून गच्चीच्या जिन्यात पडलेत. काचवाली कंपनी म्हणते, आम्ही आमचा माणूस टाकीत पाठवलाच नव्हता. तुझी कंपनी म्हणते, हा माणूस आमच्या पटावर नाही. दोघांचंही खरं आहे. उतरण्याआधी मामांनी शर्ट काढून पाइपला अडकवला होता, पाठीवर कंपनीचं नाव असलेला. तो काचवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी मागवून घेतला.

आपण माणसं उसनी देतो-घेतो, हे चौकशीच्या साहेबांना खरंच वाटत नाही. त्यांना वाटतं, सगळं कंत्राटात लिहिल्याप्रमाणे चालतं. इकडचा माणूस आला नाही की तिकडचा घ्यायचा, नंतर कधीतरी फेडायचा, सगळं तोंडी. आईच्या साखरेच्या वाटीसारखं. आई शेजारून आणायची ती सपाट वाटी आणि परत द्यायची ती शिगोशीग. तू म्हणायचास, आपली आई तोट्यातला धंदा करते.

त्या दिवशी तुझी दोन्ही माणसं आली नाहीत. वारा होता म्हणून काचांचं काम बंद होतं, मामा जिन्यात रिकामे बसले होते. तू म्हणालास, ताई, एक माणूस दे. मी म्हणाले, मामांना ने, दोर तू धर. मामा हसत उठले. जन्मभर वर लटकलो, आज जरा खाली जाऊन बघतो, म्हणाले. टाकीत हवा नव्हती, हे आपल्याला नंतर कळलं.

त्यांची बायको काल आली होती. कुणाला भेटायचंय, असं गेटवरच्याने विचारलं, तर तिला सांगता येईना. मी खाली गेले. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, “ते कुणाच्या कामावर होते, तेवढं सांगा.” मी तिला बसवलं, पाणी दिलं. तेही टँकरचंच.

चौकशीत तू काय सांगितलंस, ते मला कळलंय. मामा आपणहून उतरले, तू पोचायच्या आधीच. खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, पण त्या साहेबांना तुझे कान कुठे माहीत? आपणहून उतरलेला माणूस कुणाच्याच कामावर नसतो, धाकल्या. मग त्याच्या बायकोचा कुणावर हक्कही राहत नाही.

आणि हे तू स्वतःला वाचवायला केलं नाहीस, तेही मला ठाऊक आहे. दोर तुझ्या हातात होता. मी फोन केला. मोठे साहेब पोचतायत, लॉबीत छत गळतंय, असशील तसा वर ये. तू म्हणालास, मामा आत आहेत. मी म्हणाले, दोन मिनिटं. तू माझा धाकटा भाऊ आहेस, आलास. परत गेलास तेव्हा दोर सैल होता. तो फोन तू कुणाला सांगितला नाहीस. मला पाठीशी घालू नकोस. उद्या सकाळी मी जाऊन सांगणार आहे. माणूस मी दिला, तू घेतलास आणि दोरावरून तुला मी उठवलं. नोकरी दोघांचीही जाईल, कदाचित तेवढ्यावर भागणारही नाही. तू आलास तर शेजारी बसू. नाही आलास तरी मी सांगेन. मामांना परत करणं आपल्याला जमणार नाही. पण घेतलं होतं आपणच, एवढं तरी तिला कळू दे.

तुझीच,
ताई