चमकणाऱ्या सरकीबाबत

प्रति,
मा. जिल्हा कृषी अधिकारी साहेब,
बुलढाणा.

विषय : किसनरावच्या दुकानातली बीटी सरकी हिरवी चमकून राह्यली, ती पेरणीआधी जप्त करणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने भर बाजारात मारलेली थाप.

महोदय,

१. अर्जदार फकीर मोहम्मद याची मोताळ्यात पावाची बेकरी आहे. पोरगी गुलनाज अकोल्याले शिकते. तिनं बापाले कॉलेजात नेऊन दुर्बिणीत पाव फुगवायचं खमीर दाखवलं. जित्तं खमीर, अन् निळ्या उजेडात हिरवंगार. ती म्हणे, "अब्बा, हे जेलीफिशचं प्रोटीन. आपण घातलेला जीन आत शिरला का नाही, त्याची नुसती खूण."

२. अर्जदाराची बहीण चांदबी, राहणार रोहिणखेड. किसनरावच्या बीटीची तिची बोंडं गेल्या साली अळीनं खाल्ली. यंदा दुसरीकडं बॅगा भेटल्या नाहीत म्हणून तिथूनच घेतल्या. शंका आली, परत द्याले गेली, तर किसनराव म्हणे, "कंपनीचं शील आहे बाई. आत काय आहे, मले काय माहीत?"

३. सबब अर्जदाराने त्याच्याच दुकानापुढं चहा पिता पिता मोठ्यानं सांगितलं, की अस्सल बीटी सरकी नोटा तपासायच्या टॉर्चखाली खमिरासारखी चमकते. हे साफ खोटं आहे. कापसात असली खूण कोणी घालत नाही.

४. पुढच्या बाजारी किसनराव स्वतः टॉर्च घेऊन हजर. शीलबंद बॅगा फोडून दाखवून राह्यला, सरकी हिरवीगार. मधल्या दिवसांत गुलाबराव स्टेशनरीवाल्याकडचे हिरवे हायलायटर पेन सगळेच्या सगळे त्यानं नेले; ती शाई त्याच टॉर्चखाली चमकते. ज्याले आतलं माहीत नाही, त्याच्या शीलाआड शाई गेली कशी, हे साहेबांनीच विचारावं.

५. आता दुकानापुढं रांग आहे. अर्जदार थाप होती म्हणून सांगतो, तर लोक हसतात. चांदबीनं तर न चमकणाऱ्या बॅगा बदलून चमकणाऱ्या आणल्या. म्हणे, "तूच म्हणला ना, चमकते ते असली? आता काऊन पलटून राह्यला बे? किसनरावनं चहा पाजला काय?"

६. एक साहेब तपासणीले येऊन गेले. कोणत्या हापिसाचे, सांगितलं नाही. टॉर्च मारली, मान हलवली, अन् घरच्या शेतासाठी बॅगा घेऊन गेले. ते आपल्या ओळखीचे नसावेत, अशी आशा आहे.

चांदबी सोमवारी पेरते. भावाचं ती ऐकत नाही, सरकारी शिक्क्याचं ऐकेल.

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलणारा,
आपला नम्र,
फकीर मोहम्मद
मोताळा, दि. ७ जून २०१२

सोबत : चमकणारी सरकी, एक पुडी. वाटीभर पाण्यात टाकून टॉर्च मारावी. पाणी चमकेल.