काढीव मुहूर्त

३ फेब्रुवारी, मंगळवार

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज वजन लिहा, दम कधी लागला ते लिहा, चक्कर आली तर तेही लिहा. म्हणून ही वही. खताच्या कंपनीने दिलेली डायरी दुकानात कोरीच पडली होती. दुसरं कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं ते लिहायला हरकत नाही.

वजन ८१. दम लागत नाही. हॉस्पिटलचा जिना चढताना लागला, पण तो जिनाच चुकीचा बांधलाय.

आज घशातून नळी घालून हृदयाचा फोटो काढला. डॉक्टरांचं म्हणणं, एक झडप आकसली आहे, रक्त नीट बाहेर पडत नाही. किती आकसली ते रिपोर्ट आल्यावर कळेल. तोवर ओझं उचलायचं नाही, मीठ कमी, तंबाखू बंद. मी म्हटलं, साहेब, टेंभुर्णीत माझं खताचं आणि मोटारीच्या सामानाचं दुकान आहे, झडपा मी रोज विकतो. साफ केली की चालते. ते हसले नाहीत. तरुण आहेत, अनुभवाने शिकतील.

रिपोर्ट तयार झाला की कळवायला मोबाईल नंबर मागितला. माझा फोन सदा बिझी, म्हणून धाकट्या भावाचा, परमेश्वरचा दिला. याला म्हणतात प्लॅनिंग.

प्रांजलीचं लग्न १० मेला आहे. धावड्याच्या रामेश्वररावांचा हरिओम, भोकरदनला पतसंस्थेत आहे. एकुलती एक मुलगी आमची. लग्न असं करायचं की जाफराबाद तालुक्याने नाव काढावं. तोपर्यंत मी एकदम फिट होणार. उद्यापासून सकाळी चालणे.

४ फेब्रुवारी

चाललो नाही. थंडी होती. तंबाखू बंद.

दुपारी एकदा. पुडी फोडलेली होती, चांगला माल फेकायचा कशाला.

७ फेब्रुवारी, शनिवार

रिपोर्ट नाही. परमेश्वरला विचारलं. तो म्हणाला, "दादा, त्यांचं मशीन बिघडलंय म्हणे. येईल जल्दी." एवढं मोठं हॉस्पिटल आणि ही अवस्था. रिपोर्ट आला की डॉक्टरांना सुनावणार आहे.

कालपासून परमेश्वर आणि माझी बायको गोपिका स्वयंपाकघरात बसून काहीतरी बोलतात आणि मी गेलो की गप्प होतात. वडीलधाऱ्या माणसाचा एवढा धाक घराघरात असायला पाहिजे. गोपिकाचे डोळे लाल होते. म्हणाली, कांदा चिरला. चुलीवर तर नुसतं वरण होतं. मी लगेच ओळखलं, मुलगी सासरी जाणार म्हणून रडत असणार. आईचं काळीज. मी तिला चार समजुतीचे शब्द सांगितले तर आणखीच रडायला लागली. माझ्या बोलण्यात ती ताकद आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

रामेश्वरराव स्वतः गाडी काढून धावड्याहून आले. दुकानातच बसले. मेमध्ये ऊन फार, पाहुण्यांचे हाल होतात, लग्न मार्चमध्ये उरकून घेऊ म्हणाले. मी लगेच हो म्हटलं नाही. चहा मागवला, विचार करतो म्हटलं. समोरच्याला तिष्ठत ठेवावं लागतं.

त्यांनी तीनदा विचारलं, "त्रिंबकराव, तब्येत बराबर हाय ना?" आणि दर वेळी माझ्या पायांकडे पाहिलं. पाय थोडे सुजलेत, चप्पल घट्ट आहे. तोंडाने सांगण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं म्हणून मी युरियाची गोणी उचलली. छातीपर्यंत बराबर आणली. मग तिच्यावरच बसलो. गोणीवर बसून बोललं की व्याह्यांना परकेपणा वाटत नाही. थोडा वेळ काही बोलता आलं नाही. तोही मुत्सद्दीपणाचाच भाग समजायचा.

परमेश्वर धावत आला. मग तो आणि रामेश्वरराव पान खायला म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा १५ मार्च ठरवूनच आले. मी मोठ्या मनाने मान्य केलं. यांना धास्ती बसलीय हे उघड आहे. अशी मुलगी, असं घराणं, दुसऱ्या कुणी उचललं तर काय घ्या.

वजन केलं नाही. काटा दुकानात राहिला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात बसताना खुर्ची चुकली. पडलो असं लोक म्हणतात. मी पडलो नाही. जमिनीवर बसलो आणि थोडा वेळ डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा गोपिका पाणी शिंपडत होती आणि परमेश्वर माझ्या नाकाजवळ कान लावून होता. शेजारचा सलूनवाला, मंडईतली दोन माणसं, सगळे गोळा. माणूस मोठा असला की गर्दी होतेच.

वहीत "चक्कर" लिहायची गरज नाही. चक्कर वेगळी असते.

संध्याकाळी गुरुजी आले. कुणी बोलावले कुणास ठाऊक. पंचांग चाळून म्हणाले, १५ मार्चच्या आधी काही बसत नाही. परमेश्वर म्हणाला, "काढीव काढा न गुरुजी." घाईच्या लग्नाला असा ओढूनताणून मुहूर्त काढतात, हे काही आमच्या घराण्याला शोभत नाही. गुरुजींनी विचारलं, किती जल्दी पाहिजे? परमेश्वरने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जितकं जल्दी जमन तितकं."

२६ फेब्रुवारी निघाली.

मी म्हटलं, अहो, पत्रिका कधी छापायच्या? माझा केवढा गोतावळा, अंबडपासून सिल्लोडपर्यंत, लोकांना सांगायचं कधी? गुरुजी म्हणाले, "त्रिंबकराव, तुम्ही हजर असले म्हंजे झालं." मला संकोच वाटला. पण खरं आहे. माझ्याशिवाय या घरात काही होत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आजकाल माझी बडदास्त मंत्र्यासारखी आहे. माडीवरची खाट खाली आणली. दुकानात जायचं नाही. आंघोळीचं पाणी परमेश्वर काढून देतो. बाथरूमला आतून कडी लावू देत नाहीत. दुपारी डोळा लागला की गोपिका माझ्या नाकाखाली हात धरून बसते. माशा हाकलत असणार. एवढ्या वर्षांच्या संसारात हिने माझ्यासाठी माशी हाकललेली आठवत नाही. लग्नघरात बाईमाणूस हळवं होतं.

पापड मागितला, दिला नाही. शेजारच्या गिरिजाबाईंच्या घरून आलेली लोणच्याची बरणीसुद्धा कुलपात.

प्रांजली दुपारभर माझ्याजवळ बसून होती. हळदीला काय नेसायचं वगैरे सांगत होती. मध्येच माझा हात धरून म्हणाली, "पप्पा, तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका. फक्त सव्वीसपर्यंत सांभाळा स्वतःला." मी म्हटलं, सव्वीसनंतर काय? ती हसली. रडल्यासारखी हसली. माझ्यावर गेलीय, भावना लपवता येत नाहीत.

रिपोर्टचा विचार सोडला. वाईट असता तर हॉस्पिटलवाल्यांनी एव्हाना घरी येऊन उचलून नेलं असतं, त्यांचा धंदाच तो. बोलावणं नाही म्हणजे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर आता कोणत्या तोंडाने फोन करणार.

२० फेब्रुवारी

परमेश्वर गोठ्यामागे फोनवर बोलत होता. "सत्तावीसनंतर आणतो साहेब, तवर गोळ्यावर निभवा." म्हशीच्या डॉक्टरशी बोलणं चाललं असावं. म्हशीला बरं नाही हे मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. मी बाहेर जाऊन तिच्याकडे बघून आलो. चांगली रवंथ करत होती. गोठ्यापासून घरापर्यंत येताना दोनदा थांबलो. लिंबाखाली उभं राहिलं की बरं वाटतं.

लग्नात भाषण करायचं. मुद्दे: कुटुंब, संस्कार, आजची तरुण पिढी. वीस मिनिटं पुरे.

फोटोवाला आला होता. लग्नाच्या आधी कसला फोटो म्हटलं, तर परमेश्वर म्हणाला, एक चांगला असू द्या. एकट्याचाच काढला, फेटा बांधून. पोज बरी आलीय.

२५ फेब्रुवारी

हळद लागली. मला नाचू दिलं नाही. खुर्चीतून हात हलवले, तर दोघांनी दोन्हीकडून धरले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लग्न लागलं.

भाषण राहिलं. उभा राहिलो, माईक हातात घेतला, पण परमेश्वरने तो काढून घेतला आणि जेवायला बसा म्हणून पुकारा केला. मुद्दे खिशातच राहिले. कन्यादान बसून केलं. शेवटच्या अक्षता पडल्या तशी गोपिका भिंतीला टेकून खालीच बसली आणि मोठ्याने रडली. रामेश्वररावांनी पहिली मिठी परमेश्वरला मारली. परमेश्वर म्हणाला, "सुटलो." मलाही थकवा आला होता. पाठवणीला वेशीपर्यंत गेलो नाही, अंगणातूनच हात केला. प्रांजली परत परत मागे वळून बघत होती. आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सर्वात यशस्वी दिवस म्हणायला हरकत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी उशिरा जागा झालो. कुणी उठवलं नाही. नाकाखाली कुणाचा हात नाही. चहा मीच मागितला तेव्हा मिळाला. अंगणात मंडपवाला खुर्च्या भरत होता, माणूस कमी होता. त्याने मला हाक मारली, काका, जरा हात लावा. परमेश्वर पलीकडेच उभा होता. त्याने अडवलं नाही.

मग तो आत आला आणि प्लास्टिकची फाईल माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "दादा, रिपोर्ट."

त्यावर ६ फेब्रुवारी ही तारीख आहे. खाली डॉक्टरांच्या हाताने लिहिलंय, झडप खूप आकसली, ऑपरेशन लगेच करा, उशीर जिवाला धोका. एवढं मराठीत लिहिलंय, मला वाचता यावं म्हणूनच.

मी विचारलं, हा इतके दिवस कुठं होता? परमेश्वर जमिनीकडे बघत होता. बोलली ती गोपिका. "टेबलावर तुमचं काही झालं असतं तं वरीसभर या घरात मांडव पडला नसता. अन् ते लोक वरीसभर थांबणारे न्हाईत. पोरीचं काय केलं असतं मंग?"

व्याह्यांना माहीत होतं? "रामेश्वररावांना परमेश्वरनं सांगितल्तं. त्यांनीच मंग मार्च म्हनलं."

आणि प्रांजलीला?

गोपिकाने फाईल बंद केली. मग म्हणाली, "बाकीचं इंग्रजी आपल्याला कुठं येतं. तिनंच वाचून दाखवलं."

मला राग आला. खरं लिहायचं तर राग नंतर आला, आधी भीती वाटली. सबंध महिना मला वाटत होतं सगळे माझ्यासाठी धावपळ करतायत. ते माझ्या मरणाच्या पुढे जायला धावत होते.

परमेश्वर म्हणाला, सोमवारी ॲडमिट व्हायचं, बोलणं झालंय. चला म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

काल जे लिहिलं ते रागात लिहिलं. शांतपणे पाहिलं तर त्यांचंही चुकलं नाही. मुलीचं लग्न झालं. मी जिवंत आहे. दोन्ही गोष्टी साधल्या म्हणजे मॅनेजमेंट चांगलंच म्हणायला पाहिजे.

दुपारी रामेश्वररावांचा फोन आला. मला वाटलं, चौकशीला. त्यांचं म्हणणं, नवी नवरी उंबऱ्यातून आत आली अन् माहेरी काही वाईट घडलं, तर लोक पोरीच्या पायगुणाला नावं ठेवतात. "आमचं काही न्हाई त्रिंबकराव, आमच्या म्हाताऱ्या माणसांचं म्हननं हाय. आखिती होऊ द्या, मंग करा आपरेशन." मी स्पष्ट सांगितलं, अक्षय तृतीया फार लांब आहे, एवढं जमणार नाही. ते आवाज चढवून बोलले, मी आवाज चढवला नाही. शेवटी गुढीपाडव्यावर आणलं. जवळजवळ महिनाभर कमी करून घेतला. बोलणी करावीत तर अशी.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, सोमवारी होणार होतं ते पाडव्यावर गेलं.

१ मार्च, रविवार

सकाळीच निर्णय घेतला. बास. हृदय माझं आहे. पाडवा नाही, काही नाही, उद्या मी ॲडमिट होणार. कुणाचं ऐकणार नाही. रामेश्वररावांना काय वाटायचं ते वाटो. पिशवी भरली: टॉवेल, दोन लुंग्या, दाढीचं सामान, फाईल. गोपिकाला सांगितलं तर तिने स्वेटर तेवढा आणून पिशवीत ठेवला. पिशवी दाराशी नेऊन ठेवली. तेवढ्यानेही दम लागला. लिहून ठेवतो: दम लागला. रात्री आडवं झोपता येत नाही, बसून झोपतो. हेही लिहितो.

मला मरायचं नाही. हे सुद्धा लिहून ठेवतो.

दुपारी प्रांजलीचा फोन आला. बोलणं सुरू करायच्या आधी तिने कुठलंतरी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मी तिला सांगायला मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, तू वाचलंस आणि मला सांगितलं नाहीस, इथपासून. ती हळू आवाजात बोलत होती. सासू चांगली आहे म्हणाली. हरिओमही चांगले आहेत. मग म्हणाली, "पप्पा, इथं सगळे मलाच बघून राह्यले. मी आल्यापासून घरात जरा काही पडलं तरी माझ्याकडं बघतेत. पाडव्यापर्यंतच फक्त. मी परत कधीच काही मागणार न्हाई तुम्हाला."

लहानपणी दुकानात येऊन काही मागायची तेव्हाही असाच आवाज काढायची.

बरं म्हटलं.

"थँक्यू पप्पा," म्हणाली आणि कुणीतरी बोलावलं म्हणून फोन ठेवला.

परमेश्वरला हाक मारली. म्हटलं, हॉस्पिटलला फोन कर, उद्याचं राहू दे, पाडव्यानंतरची तारीख घे.

तो म्हणाला, ती त्याने कालच घेतली.