आतल्या खोलीचं वायफाय

४ मार्च

जमलं! दुपारभर डोक्याला ताप, पण जमलं. बायकोचा लॅपटॉप आतल्या खोलीत पलंगावर, माझा कॉम्प्युटर बाहेर टेबलावर, आणि दोघांत मिळून एकच फोल्डर. आधी मला तिचा लॅपटॉप दिसेचना. नेटवर्कची नोंद 'सार्वजनिक' अशी होती — घरातल्या घरात परके! ते 'खासगी' केलं आणि फोल्डर उघडलं.

ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला. आता पलंगावरून उठवतही नाही. काही हवं असलं की ती फोल्डरमध्ये फाईल टाकणार, मला टेबलावर दिसणार. सारखं आत-बाहेर नको. मी घरांचे नकाशे काढायला मोकळा.

५ मार्च

ती फाईलच्या आत काही लिहीतच नाही. नुसतं नाव देते — 'पाणी'. 'उशी'. 'पंखा कमी'. शाळेत शिकवायची तेव्हा वर्गालाही असंच एका शब्दात गप्प करायची. दुपारी एक फाईल आली: 'नकाशेवाले, जेवा'. हसलो. मग एकदम भरून आलं.

९ मार्च

तिच्याकडचं वायफाय गेलं. माझं ठणठणीत. आत जाऊन पाहिलं तर लॅपटॉपमध्ये आपोआप बंद झालेलं. चालू करून दिलं.

११ मार्च

पुन्हा! आणि एकदा नाही, दिवसभर तेच. राउटर लोखंडी कपाटामागे होता, तो वर ठेवला. शेजारपाजारचे सगळे राउटर एकाच चॅनलवर गर्दी करून बसलेत, म्हणून आपलं चॅनल बदललं. सिग्नल पूर्ण. तरी रडगाणं चालूच.

डॉक्टर तपासून निघाले तेव्हा दारात हळूच म्हणाले, "आता फार दिवस धरून चालू नका." मी मान हलवली. मग आत येऊन लॅपटॉपमधलं वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. दुसरं काय करणार?

१४ मार्च

मेहुणी येऊन गेली. "भाऊजी, ताईजवळ जरा बसा की! त्या डब्यात काय डोकं खुपसून बसलाय?" मी तडकलो. म्हटलं, हा डबा बंद पडला तर तुझ्या ताईला घोटभर पाणी मागता येणार नाही. माझंच बरोबर होतं.

१६ मार्च

वीज वाचवायला लॅपटॉप स्वतःच वायफाय झोपवतो म्हणे. ती सोयही काढून टाकली. त्यासाठी बराच वेळ पलंगाच्या कडेला बसलो होतो, लॅपटॉप मांडीवर घेऊन. तिने माझी बाही धरली. म्हटलं, थांब गं, होतंच आलंय.

संध्याकाळी पुन्हा बंद. रडू आलं. रागाने की कशाने, कळलं नाही.

१७ मार्च

शेवटी नेटवाल्याला बोलावलं. त्याने स्वतःचा फोन तिच्या उशाशी ठेवून पाहिला. कनेक्शन एकदाही तुटलं नाही. मी टेबलापाशी आलो होतो, तो मागोमाग बाहेर आला. बिचारा अवघडला होता.

"काका, मशीन चांगलं आहे. काकूच बंद करतात. आत्ता माझ्यासमोर केलं. मला खूण केली, सांगू नको म्हणून."

तो गेल्यावर आत जाऊन ओरडलो! इतके दिवस जीव काढला माझा — का? ती माझ्याकडे बघत राहिली. मी दार ओढून बाहेर आलो.

१८ मार्च

सकाळी फोल्डरमध्ये एक फाईल. नाव दिलेलं नाही. पहिल्यांदाच आत काही लिहिलंय.

"बंद केलं की येता. आलात की लॅपटॉपकडेच बघता."