पांढऱ्या भिंतीची विल्हेवाट

मी गेशे टामेन, गलबतांना नदीतून आत आणणाऱ्या वाटाड्या फोल्कर्टची विधवा, राहणार ओस्टरझील बंदर. पाय सुजले असले तरी डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली न येता हे लिहवून घेत आहे. जे माझं आहे त्याची विल्हेवाट मीच लावणार.

१. तांब्याची चहाची किटली, गाय आणि पिसांची गादी मोलकरीण आल्केला. माझं सगळं तिने केलं. नातेवाइकांनी फक्त तब्येत विचारली.

२. घर कोणालाच नाही. माझं दफन होताच पाद्री हिलर्स यांनी ते पायापर्यंत पाडावं, नदीकडच्या भिंतीपासून सुरुवात करून. विटा रिकाम्या परतणाऱ्या गलबतांना तळात भार म्हणून फुकट द्याव्यात. माझ्या डोक्यावर दुसरं छप्पर नव्हतं, म्हणून ती भिंत आजवर उभी राहिली.

कारणही लिहा, कारण बंदराचे पंच आडवे येतील. ही भिंत आणि मागचा चर्चचा मनोरा एका रेषेत दिसले की गलबतं सरळ आत येत. त्यासाठी दर वसंतात आम्ही भिंतीला चुना लावायचो. मग एका हिवाळ्यात बर्फाने वाळू सरकली आणि त्या रेषेवरच बसली. ती खूण पाहून कोणी वाळूवर चढू नये म्हणून मी भिंतीला डांबर फासलं. पुढे मी तापाने पडले असताना माझा दीर वुब्बो, वाटाड्यांचा मुखिया, याने ती परत पांढरी केली. अंथरुणातूनच मी जाब विचारला.

"वहिनी, परकी गलबतं रुतली, त्यांचा माल हाती लागला, तरच आपल्या चुली पेटतात," तो म्हणाला. "तुमचं काय जातंय?"

माझा मुलगा इनो गेला. त्याच आठवड्यात तो कित्येक वर्षांनी सुकाण्या होऊन घरी येत होता. कप्तान म्हणाला, वाटाड्याची वाट पाहू. इनो हसला म्हणे. "आईची भिंत दिसतेय की. वाटाड्या कशाला?"

३. चुन्याची बादली आणि कुंचला वुब्बोला. इनोच्या थडग्यावरचा लाकडी क्रूस दर वसंतात त्याने स्वतः पांढरा करावा. हात बसलेला आहे त्याचा. माझ्या शवपेटीला मात्र हात लावू नये.

वुब्बो साक्षीला येऊन बसला होता. ज्याला काही मिळतं त्याची सही चालत नाही, असं पाद्र्यांनी सांगितलं. काय मिळतं ते वाचून दाखवल्यावर तो उठून गेला.

गेशे टामेन (सही)

साक्षीदार:
हेरे यान्सेन, शिडं शिवणारा
टियार्क, स्वयंपाकी, त्या गलबतावरून एकटा वाचलेला

ओस्टरझील, ९ नोव्हेंबर १७९१